आंग पळून गेला होता, हे खोडू नका

प्रति,
‘अवतार’च्या जगातली पुढची गोष्ट कोणी सांगायची, किती भागांत सांगायची, त्यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवणारे सर्व निर्माते, स्टुडिओ आणि प्रसारक यांस,

स. न. वि. वि.

२२ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या जुन्या ॲनिमेशन मालिकेवरून खरी माणसं घेऊन केलेली नवी मालिका आली. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. वार्षिक परीक्षा तोंडावर होती, तरी मी तिला पहिला भाग बघू दिला, कारण मलाही राहवत नव्हतं. वायुमंदिर दिसलं, अप्पा नावाचा अवाढव्य बायसन उडाला आणि आम्ही दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. मग त्या मंदिरात वाढलेल्या बारा वर्षांच्या आंगला कळतं की आपण अवतार आहोत, म्हणजे पाणी, माती, आग आणि वारा ही चारही तत्त्वं हुकमात आणून जगाचा तोल सांभाळणारा एकमेव माणूस. तो गांगरतो, अप्पाच्या पाठीवर बसतो, जरा मन शांत करून येतो म्हणून निघतो आणि वादळात सापडतो. पुढची शंभर वर्षं बर्फात.

मुलीनं रिमोट उचलून चित्र थांबवलं. म्हणाली, “आई, म्हणजे हा पळून गेलाच नाही? मग याला वाईट कशाचं वाटणार?”

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून हे पत्र माझ्या डोक्यात आहे. आता याच जगातली, तेरा-तेरा भागांच्या दोन पर्वांची नवी ॲनिमेशन मालिका आपण जाहीर केली आहे, म्हणून आणखी थांबावंसं वाटत नाही.

मी कराडला एका शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, शाळा मोबाईलवर भरत होती आणि माझी मुलगी नऊ वर्षांची होती. रोज संध्याकाळी सातला, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, एक भाग बघायचा असा आमचा नेम ठरला. २००५ ते २००८ या काळात आलेली ती मूळ मालिका: जल, पृथ्वी आणि अग्नी अशी तीन पर्वं, पहिल्या दोनांत वीस-वीस आणि तिसऱ्यात एकवीस, मिळून ६१ भाग. कधी वीज गेली, कधी नेट गेलं, म्हणून आम्हाला ते संपवायला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत माझी मुलगी जे शिकली ते मी तिला नऊ वर्षांत शिकवू शकले नव्हते. माझा या प्रकरणाशी संबंध एवढाच आहे, आणि मला तो पुरेसा वाटतो.

शाळेत मी मुलांना गोष्ट लिहायला सांगते. वह्या तपासताना दरवर्षी एकच प्रकार दिसतो. “एक राजपुत्र होता. तो खूप शूर, प्रामाणिक आणि हुशार होता.” दुसऱ्या वाक्याला गोष्ट अडते. जो आधीच सगळं आहे, तो जाणार कुठे? मग मुलं घाईनं एक राक्षस आणतात, मारामारी होते, राक्षस मरतो, राजपुत्र होता तसाच राहतो. मी लाल पेनानं समासात लिहिते: ‘याला काय जमत नाही?’ मुलं त्यावर विचार करतात आणि तिथून गोष्ट चालायला लागते. २०२४ ची मालिका बघताना माझा हात त्या लाल पेनाकडे जात होता.

पहिली तक्रार आंगचीच. मूळ मालिकेत, पहिल्या पर्वाच्या बाराव्या भागात, वादळाच्या रात्री तो काटाराला, त्याला बर्फातून बाहेर काढणाऱ्या मैत्रिणीला, खरं सांगतो. मठातल्या भिक्खूंनी त्याला त्याच्या गुरूपासून, ग्यात्सोपासून तोडून पूर्वेच्या मंदिरात पाठवायचं ठरवलं, ते त्यानं चोरून ऐकलं आणि चिठ्ठी ठेवून तो पळाला. इकडे ग्यात्सो त्याला सांगायला येतो की मी तुला कुठेही जाऊ देणार नाही. खोलीत चिठ्ठी आणि उघडी खिडकी. बारा वर्षांचं पोर घाबरून पळालं आणि मागे अग्निराष्ट्राच्या हल्ल्यात त्याची सगळी माणसं मारली गेली. याहून जड ओझं मुलांच्या मालिकेत कोणी कोणाच्या खांद्यावर ठेवलं असेल असं मला आठवत नाही. त्याच भागात एक म्हातारा कोळी त्याच्या तोंडावर म्हणतो की तू जगाकडे पाठ फिरवलीस, आणि आंगला ते नाकारता येत नाही. आणि त्याच भागात, समुद्रावर दुसऱ्या जहाजात, आयरो खलाशांना सांगत असतो की त्याच्या पुतण्याच्या, आंगच्या मागावर असलेल्या अग्निराष्ट्राच्या हद्दपार राजपुत्र झुकोच्या चेहऱ्यावरचा तो डाग कशाचा आहे. एक मुलगा घर सोडून पळाला, दुसऱ्याला बापानं जाळून घराबाहेर काढलं. दोघांची गोष्ट एकाच वादळात, आलटून पालटून. इतकी सुबक वीण आपल्याच हातात होती.

नव्या मालिकेत लोक आंगला दोष देतात आणि तोही हळहळतो, पण बघणाऱ्याला ठाऊक असतं की या बिचाऱ्याचं काहीच चुकलेलं नाही. तो अपघात होता. अपघाताचं दुःख होतं. अपराध वेगळा असतो, आणि माणूस बदलतो तो अपराधामुळे.

यात आम्हा भारतीय प्रेक्षकांना जरा जास्त बोचणारी एक गोष्ट आहे. दुसऱ्या पर्वाच्या शेवटाकडे आंग गुरू पथिकांकडे जातो. पथिक म्हणजे वाटसरू, हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. गुरू त्याला सात चक्रं एकेक करून मोकळी करायला लावतात: मूलाधारात भय, स्वाधिष्ठानात अपराधीपण, मणिपुरात शरम, अनाहतात शोक. आमच्या बाबांनी बसल्या जागी सातही चक्रांची नावं घेतली आणि नात त्यांच्याकडे बघतच राहिली. तर त्या दुसऱ्या चक्रापाशी गुरू विचारतात, तू स्वतःला कशासाठी दोष देतोस? आंग म्हणतो, मी पळून गेलो. आता सांगा, जो पळालाच नाही त्यानं स्वाधिष्ठानापाशी बसून काय मोकळं करायचं? पहिल्या भागात एक दगड काढला की एकोणचाळिसाव्या भागातली भिंत कलते. पात्राची वाढ म्हणजे हीच बांधणी असते.

दुसरी तक्रार काटाराच्या भावाची, सोक्काची. मालिका येण्याआधी, जानेवारी २०२४ मध्ये, कलाकारांनी मुलाखतीत सांगितलं की सोक्काचं बायकांना कमी लेखणं आता सौम्य केलं आहे. हेतू चांगला असेल. पण मूळ गोष्ट सुरूच तिथून होते! होडी बर्फात चिरडते, सोक्का सगळं खापर बहिणीवर, मुलगी असण्यावर फोडतो, आणि काटारा उसळते: आई गेल्यापासून घरचं सगळं मी करते, तुझे घाणेरडे मोजे मी धुते. त्या संतापात तिच्या नकळत तिच्या हातून पाणी उसळतं, मागचा हिमखंड दुभंगतो आणि आंग सापडतो. भावाच्या आडमुठेपणातून आणि बहिणीच्या रागातून ही कथा जन्मली आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात हे भांडण जसंच्या तसं ऐकू येईल. माझ्या मुलीनं ते ऐकलं, शेजारी मोबाईल खेळत बसलेल्या तिच्या चुलतभावाकडे पाहिलं आणि काही न बोलता त्याचं ताट त्याच्यासमोर सरकवून दिलं, घासायला.

चौथ्या भागात क्योशी बेटावर तिथल्या लढवय्या मुलींची म्होरकी सुकी सोक्काला सगळ्यांसमोर लोळवते. तो तोंड पाडून निघून जातो, मग परत येतो, गुडघ्यावर बसतो आणि शिकव म्हणतो. सुकी म्हणते, मग आमच्या सगळ्या रीती पाळाव्या लागतील. तो त्या मुलींचा झगा अंगावर चढवतो, चेहरा रंगवून घेतो आणि शिकतो. पहिल्यांदा हसू येतं, मग हळूहळू येत नाही. पुढे अग्निराष्ट्रात तो पियानडाओ नावाच्या गुरूकडे तलवार शिकायला जातो, कारण आपल्याला बेंडिंग, म्हणजे तत्त्वं हुकमात आणायची विद्या, येत नाही आणि आपण कुचकामी आहोत असं त्याला वाटत असतं. ग्रहणाच्या दिवशीच्या स्वारीआधी भाषण करताना त्याची बोबडी वळते आणि वडिलांना उठावं लागतं. शेवटच्या लढाईत तो त्यांच्यातल्याच टॉफचा हात धरून हवाई जहाजाच्या कडेला लोंबकळत असतो, पाय मोडलेला, आणि त्यांना वाचवायला कोण येतं? सुकी. पहिल्या भागात जो म्हणतो की मुलींच्या हाती काम दिलं की बिघडतं, त्याचा जीव एकसष्टाव्या भागात एका मुलीच्या हाती असतो आणि त्याला त्याचं नवलही वाटत नाही. नवल न वाटणं, तिथवर तो आलेला असतो.

आपण त्याला दुसरं शल्य दिलंत: वडिलांना मी योद्धा वाटत नाही. ते चांगलं आहे, मनाला लागतं. पण ते सोसण्याचं दुःख आहे. त्यात त्याला कोणाची माफी मागावी लागत नाही. आणि माझ्या वर्गातल्या मुलग्यांना माफी मागणारा मुलगा बघायला मिळणं फार गरजेचं आहे. मुळातच शहाणा असलेला सोक्का त्यांच्या काय उपयोगाचा? ते मुळात शहाणे नाहीत, त्यांना शहाणं व्हायचं आहे.

काटाराचंही तसंच. मुळात ती चाच्यांकडून वॉटरबेंडिंगची गुंडाळी चोरते, आंगला आपल्याआधी सगळं जमतं म्हणून त्याच्यावर जळते, त्याच्यावर खेकसते आणि मग वरमते. नव्या मालिकेत आजी तिला ती गुंडाळी प्रेमानं हातात देते. एवढंच.

तिसरी तक्रार वेळेची. इथे मला न्यायानं बोलायचं आहे. पहिल्या पर्वाचे वीस भाग तेवीस-चोवीस मिनिटांचे होते आणि आपले आठ भाग जवळपास तासातासाचे, त्यामुळे मिनिटं मोजली तर फार फरक नाही. फरक थांब्यांचा आहे. मूळ मालिका म्हणजे गावोगाव थांबणारी लाल एसटी होती. प्रत्येक गावात कोणी चढायचं, कोणी उतरायचं, आणि आंग, काटारा, सोक्का प्रत्येक थांब्यावर थोडे थोडे बदलायचे. आपण ओमाशू शहराच्या एकाच स्टँडवर राजा बूमी, जेट, यंत्रं बनवणारा कारागीर आणि त्याचा मुलगा टिओ, शिवाय दुसऱ्या पर्वातला तो डोंगरातला गुप्त बोगदा असे सगळे एकदम उतरवलेत. मुळात हे चार वेगवेगळे भाग होते. जेटचा भाग काटाराचा होता: ती एका मुलावर भाळते, त्याच्यावर भरवसा टाकते आणि तोच धरण फोडून निरपराध गाव बुडवायला निघाल्याचं तिला दिसतं. सोक्काला आधीच वास आला होता, पण कोणी त्याचं ऐकलं नव्हतं. भाऊबहिणीच्या नात्यात त्या दिवशी काहीतरी हललं. गर्दीत ते हलायला जागा उरली नाही.

या थांब्यांना हल्ली ‘फिलर’ म्हणतात. हा शब्द मला खटकतो. भरताड भाग असतात, मान्य. दरीतल्या दोन भांडखोर जमातींचा भाग मलाही आवडत नाही, दुसऱ्यांदा बघताना आम्ही तो गाळला. पण ‘झुको अलोन’ला कोणी भरताड म्हणेल का? त्यात मुख्य पात्रांपैकी एकटा झुको आहे. उपाशी, घोड्यासारख्या पक्ष्यावर बसून तो एका शेतकऱ्याच्या घरी येतो, कौलं बसवायला मदत करतो, त्यांच्या पोराशी त्याची गट्टी जमते. पोराला गुंड पळवतात तेव्हा तो त्याला सोडवायला जातो आणि लढताना आग वापरावी लागते. आपण अग्निराष्ट्राचा राजपुत्र असल्याचं त्याला ओरडून सांगावं लागतं. ज्याला वाचवलं त्या पोराची आई मध्ये उभी राहते. पोरगा म्हणतो, मला तुझा तिरस्कार वाटतो. झुको एकटाच गावाबाहेर पडतो. कथानक पुढे सरकलं का? नाही. झुको सरकला.

आणि तिसऱ्या पर्वातला समुद्रकिनाऱ्याचा भाग. झुको, त्याची बहीण अझुला आणि तिच्या मैत्रिणी माय आणि टाय ली, चौघे रात्री शेकोटीभोवती. लढाई नाही. कोणावर एवढा चिडला आहेस, असं सगळे झुकोला खोदून खोदून विचारतात आणि शेवटी तो ओरडतो: स्वतःवर. अझुला मात्र थंडपणे सांगते की माझ्या आईला मी राक्षसीण वाटायचे, तिचं बरोबरच होतं, तरी दुखलं. माझी मुलगी अझुलाचा जीव जाईल एवढा राग करायची. त्या रात्री झोपताना तिनं विचारलं, अझुलाला तिच्या आईनं एकदा तरी जवळ घेतलं असेल ना? मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार होते?

झुकोचं सांगायचं तर बा सिंग से शहरात तो अप्पाला कैदेतून सोडवतो, तापानं फणफणतो, बरा होऊन काकाच्या चहाच्या दुकानात हसून काम करतो. आम्हाला वाटलं, झालं, सुधारला. आणि पर्वाच्या शेवटी तो बहिणीची बाजू घेतो. काकाकडे पाठ. मुलीनं उशी भिरकावली आणि दोन दिवस ती मालिका बघायला तयार नव्हती. पण खरी माणसं अशीच वागतात ना? एकदा चांगलं वागल्यानं कोणी कायमचं चांगलं होत नाही. त्याला हवं ते सगळं मिळू द्यावं लागलं, घर, मान, बापाची शाबासकी, तेव्हा कुठे त्याला कळलं की यातलं काहीच आपल्याला नको होतं. याला भाग लागले. बरेच लागले.

त्यानंतरचा तंबू. झुको आयरोच्या तंबूबाहेर येऊन बसतो, आत जायचं धाडस होत नाही. आत काका घोरत असतो. रात्रभर तो शेजारी बसून राहतो. सकाळी काका उठतो, झुको रडत रडत माफी मागायला लागतो आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत काका त्याला ओढून मिठीत घेतो.

आमचे बाबा त्या अडीच महिन्यांत आमच्याबरोबरच असायचे. सुरुवातीला टीव्हीकडे पाठ करून पेपर वाचायचे. चहावाला आयरो त्यांना आवडला, हळूहळू खुर्ची वळली. त्यांना इंग्रजी कळत नाही, तेव्हा मराठी आवाज नव्हता, म्हणून नात त्यांना चालू भागात भराभर मराठी करून सांगायची. बाबा आणि धाकटे काका गावाकडच्या शेताच्या बांधावरून अकरा वर्षं बोलत नव्हते. तंबूचा प्रसंग संपला तेव्हा त्यांनी नातीला विचारलं, “तो रागावला नव्हता?” ती म्हणाली, “नाही आजोबा. तो म्हणाला, मला राग नव्हताच, वाईट वाटत होतं. तू वाट चुकलास की काय, अशी भीती वाटत होती.” बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला काकांचा नवा नंबर विचारला. मी तो कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून दिला.

हे मी भावुक करायला सांगत नाही. अठ्ठावन्न भाग बघितल्यानंतर तो प्रसंग आला म्हणून तो चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसापर्यंत पोचला. सहाव्या भागात आला असता तर बाबांनी पेपरचं पान उलटलं असतं.

चौथी गोष्ट तक्रार कमी, आठवण जास्त. घाई केली की काय होतं हे आपण स्वतःच एकदा पाहिलं आहे. आंगनंतरच्या अवताराची गोष्ट सांगणाऱ्या ‘कोरा’ मालिकेचं पहिलं पर्व २०१२ साली बारा भागांत संपणारी स्वतंत्र मालिका म्हणून ठरलं होतं, पुढचं काही नक्की नव्हतं. शेवटच्या भागात कोराची शक्ती जाते आणि त्याच भागात, काही मिनिटांत, आंगचा आत्मा येऊन ती परत देतो. तिच्या डोळ्यांतलं पाणीही सुकलेलं नसतं. उलट तिसऱ्या पर्वात तिला विष दिलं जातं तेव्हा चौथं पर्व यायचं आहे हे लिहिणाऱ्यांना माहीत होतं. मग तिचं बरं होणं तीन वर्षं चालतं. ती चाकाच्या खुर्चीत बसते, पाय उचलायला शिकते, बहुतेक पत्रांना उत्तरं देत नाही, स्वतःच्याच भासाला घाबरते. नायिका तीच आणि निर्मातेही तेच. फरक पडला तो पुढचं माहीत असण्यानं. आणि त्याच मालिकेला २०१४ मध्ये निकलोडियननं तिसऱ्या पर्वाच्या मध्यातच टीव्हीवरून उतरवून ऑनलाइन पाठवलं. चौथ्या पर्वात पैसे कापले गेले, तेव्हा सहकाऱ्यांना घरी पाठवण्यापेक्षा निर्मात्यांनी जुन्या दृश्यांवर एक भाग उभा केला. त्यांच्या माणुसकीला माझा नमस्कार आहे, पण ही वेळ त्यांच्यावर यायला नको होती.

२०२० च्या ऑगस्टमध्ये मूळ निर्माते मायकेल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को यांनी खऱ्या माणसांच्या मालिकेतून आपण बाहेर पडल्याचं जगाला सांगितलं, तेही खुल्या पत्रानंच. त्यांना परत ॲनिमेशनच्या कामाला लावलं गेलं याचा आम्हाला आनंद आहे.

जे चांगलं झालं तेही नोंदवते. मूळ मालिकेत झुको एका सेनापतीला भर सभेत विरोध करतो, कारण तो ४१ व्या तुकडीतल्या नवशिक्या पोरांना मरायला पाठवणार असतो. त्याची शिक्षा म्हणून डाग आणि हद्दपारी. आपल्या मालिकेत त्याच्या जहाजावरचे वैतागलेले खलाशी म्हणजेच ती ४१ वी तुकडी निघते. त्यांना ते कळतं आणि ते रांगेत उभे राहून त्याला मानवंदना देतात. मुळात हे नव्हतं. मी त्या प्रसंगाला रडले. म्हणजे आपल्या लेखकांना जमतं. त्यांनी एका पात्राजवळ थांबायचं ठरवलं आणि मूळ गोष्टीत भर घातली. म्हणूनच बाकीच्या घाईचं जास्त वाईट वाटतं.

आता मागण्या.

पात्रांचे दोष धुऊन काढू नका. मुलांसमोर वाईट वागणूक येऊ नये ही काळजी मी शिक्षिका म्हणून रोज करते. त्यावरचा उपाय म्हणजे ती वागणूक दाखवून तिची किंमत पात्राला मोजायला लावणं. सोक्काला झगा घालू द्या, काटाराला चोरी करू द्या.

आंगचं पळून जाणं त्याला परत द्या. पुढे कधीतरी एका वाक्यात, एका कबुलीत द्या, चालेल. गुरू पथिकांसमोर बसण्याआधी मात्र द्या.

प्रत्येक पर्वात किमान दोन भाग असे ठेवा ज्यात लढाई नाही. नव्या २६ भागांच्या मालिकेतही ठेवा. तिथे तेरा भागांचं पर्व आहे, म्हणजे मोह होईल. बा सिंग सेच्या छोट्या गोष्टींचा भाग आठवा: आयरो दिवसभर बाजारात हिंडतो, रडणाऱ्या पोराला गाणं म्हणून शांत करतो, लुटायला आलेल्या चोराला चहा पाजतो आणि संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली आपल्या मेलेल्या मुलाच्या तसबिरीसमोर तेच गाणं म्हणताना त्याचा आवाज फुटतो. काही मिनिटांची गोष्ट. आयरोचा आवाज असलेले माको २००६ साली गेले आणि ती गोष्ट त्यांच्या स्मृतीला वाहिली. तक्त्यावर हा भाग ‘अनावश्यक’ रकान्यात बसला असता.

लिहिणाऱ्यांना पहिल्या दिवशी सांगा की किती पर्वं मिळणार आहेत, आणि दिलेला शब्द पाळा. मधेच कापायचं असेल तर निदान शेवट नीट लिहिण्यापुरती मुदत द्या.

शेवटची मागणी आमच्या घरची आहे, पण ती आणखी पुष्कळ घरांची असेल. पुढे जे काही काढाल ते मराठी आवाजात ऐकू द्या. आवाजाला जास्त पैसे पडत असतील तर मराठी अक्षरं तरी खाली येऊ द्या, मोठ्या टायपात. मुलगी आता मोठी झाली, संध्याकाळी तिचा क्लास असतो. बाबा सातला खुर्ची वळवून बसतात.

आपली,
कराडची एक शिक्षिका